‘ओरिजिनल नॅशनल’ एलएम1875 म्हणून 4,850 रुपयांना चुना लावला
पुण्यात घरी अॅम्प्लिफायर बनवणाऱ्या सगळ्यांनी वाचा. एक जण ऑनलाइन एलएम1875 हा अॅम्प्लिफायरचा आयसी विकतोय, म्हणे जुना नॅशनल सेमीकंडक्टरचा स्टॉक, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने 2011 ला कंपनी घेतली त्याच्या आधीचा माल. मी 6 घेतले, 310 ला एक, कुरिअर 90, म्हणजे 1,950 रुपये यूपीआयने गेले. आणि स्वस्तातलं बघायला गेला असं कुणी म्हणू नका, तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात याहून कमीत मिळत होते, डुप्लिकेट नको म्हणूनच याला जास्त मोजले!

डोकं फिरतं ते त्या कापसाच्या बोळ्यावरून. हीटसिंकला लावायच्या आधी आयसी थिनरने पुसला तर बोळा पांढरा आणि नंबर अर्धा गायब. उजेडात तिरपा धरला तर बारीक ओरखडे, सगळे एकाच दिशेचे, पॉलिश पेपर मारल्यासारखे. लगेच फोटो पाठवला, त्याचं उत्तर, "सर जुना माल आहे, शाई निघतेच, बिनधास्त लावा." तिथंच सगळं परत करायला हवं होतं. पण मी काही डोळे झाकून लावला नाही, आधी 12-0-12 ट्रान्सफॉर्मरवर, म्हणजे साधारण ±17 व्होल्टला दोन्ही चॅनल तासभर वाजवले, आवाज एकदम स्वच्छ, मग संशय कुणाला येणार?

आणि मेख तिथंच आहे. 1875 आणि त्याच्याहून कमी व्होल्टेजचे आयसी टीडीए2050, टीडीए2030, तिघांचे पाच पाय सारखे, बोर्ड तोच चालतो. 2030 ची मर्यादा ±18 व्होल्ट, त्याचा नंबर घासून 1875 छापला की कमी व्होल्टेजला काही म्हणजे काही कळत नाही. नंतर 18-0-18 लावला, ±25 झाले, खऱ्या 1875 ला हे सहज झेपतं, त्याची कमाल मर्यादा एकूण 60 व्होल्टची, म्हणजे ±30 आहे. इथे फट्! दोन्ही आयसी गेले, आउटपुटला सरळ डीसी, म्हणजे आवाजाऐवजी सलग एकाच दिशेचा करंट, आणि त्यानं 1,450 चा एक असे दोन वूफर जळाले. पूर्ण व्होल्टेजला पहिल्यांदा चालू करताना स्पीकर लावूच नका, मेन्सच्या लाइनमध्ये सिरीज बल्ब लावा, मीटरने आउटपुटचा डीसी बघा.

चौकीत गेलो तर "एवढ्याशा रकमेसाठी? ऑनलाइन तक्रार करा." ऑनलाइनवाले फोनवर म्हणतात पैसे तुम्हीच पाठवले, वस्तू मिळाली, मग फ्रॉड कसला, ग्राहक तक्रारीत जा. तिकडे पहिला प्रश्न, बिल आहे का? बिल असतं तर हा माणूस असले धंदे करेल का! खोटा माल खोटा आहे हे समजून घ्यायची कुणाचीच तयारी नाही, एकाने तर विचारलं आयसी म्हणजे मोबाईलमधला का. जो तो पुढच्या दारात ढकलतो, आणि तो भामटा आरामात विकतोय.

जीएसटी बिल देणाऱ्या अधिकृत डिस्ट्रिब्युटरकडूनच घ्या, दोन पैसे जास्त जाऊ देत. टीडीए7294, एलएम3886 या मोठ्या अॅम्प्लिफायर आयसींनाही हेच. त्याची जाहिरात अजून चालू आहे, फोटो तेच, खाली "मोजकेच पीस शिल्लक". घेऊ नका.