भायखळ्याचा रविवारचा अरबी क्लास, चार महिने पूर्ण करून लिहितेय

आधी मी तिथे कशासाठी गेले ते सांगते, कारण त्याशिवाय क्लास चांगला की वाईट ते कळायचं नाही. मी दक्षिण मुंबईतल्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, चौदा वर्षं झाली. आमच्याकडे ओमान, येमेन, इराकचे पेशंट नेहमीच असतात. दिवसा दुभाष्या असतो पण आठला तो घरी जातो आणि मग रात्रभर आम्ही, पेशंट आणि हातवारे. मागच्या वर्षी एक ओमानची आजी होती, ऑपरेशनचा दुसरा दिवस, सोबतचा मुलगा खाली जेवायला गेलेला आणि ती सारखी "माय, माय" करत होती. मला वाटलं आईची आठवण येतेय, आपल्याकडे नाही का म्हातारी माणसं दुखायला लागलं की आईलाच हाक मारतात. मी तिच्याजवळ बसले, कपाळावरून हात फिरवला, ती माझ्याकडे बघून परत "माय". असं अर्धा तास तरी चाललं. मुलगा वर आला, त्याने तो एक शब्द ऐकला आणि टेबलावरचा ग्लास उचलून तिच्या तोंडाला लावला. माय म्हणजे पाणी. ग्लास माझ्या कोपरापाशी होता आणि तिला पाणी द्यायला परवानगी पण होती. मुलगा काही बोलला नाही, उलट थँक्यू म्हणाला, पण मला ते फार लागलं. दुसऱ्या दिवसापासून क्लास शोधायला लागले.

आधी एका ऑनलाइन कोर्सला पैसे घातले ते वाया गेले, नुसते रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, आपण चुकीचं बोललो तर सांगणार कोण. मग ओळखीतून हा भायखळ्याचा क्लास कळला.

स्टेशनला पश्चिमेकडून उतरून सात-आठ मिनिटं चालत, जुनी इमारत, लाकडी जिना, दुसरा मजला. रविवारी दहा ते बारा, असे सोळा रविवार, फी साडेचार हजार आणि दोन हप्त्यांत दिली तरी चालते. मी डोंबिवलीहून जायचे, जाताना गाडी बरी मिळते पण येताना मेगाब्लॉकमध्ये हमखास अडकायला होतं, घरी पोचायला दोन-अडीच वाजणार हे धरूनच नाव घाला. पुस्तक वेगळं विकत घ्यावं लागत नाही, सर झेरॉक्स देतात, फक्त लहान मुलांचं अक्षरओळखीचं पातळ पुस्तक महंमद अली रोडवरून आणायला सांगतात, त्याला म्हणतात कायदा. शब्द तोच, आपल्या कोर्टातला, मूळ अर्थ पाया किंवा नियम.

सर महाडकडचे, साठीच्या आसपास, बरीच वर्षं मस्कतला नोकरी करून परत आलेले, त्यामुळे शिकवतात अर्धं मराठीत अर्धं हिंदीत. पहिल्या दिवशी त्यांनी अक्षर काढलंच नाही. बोर्डवर देवनागरीत लिहीत गेले, तारीख, वकील, अर्ज, मजकूर, तालुका, जिल्हा, हिशेब, बाकी, जमा, हुकूम, आणि म्हणाले तलाठ्याच्या ऑफिसात गेलात की तुम्ही दिवसभर अरबी बोलता, मग घाबरता कशाला. खरंच, माझी निम्मी भीती तिथेच गेली. किताब, कातिब, मकतब, मकतूब हे सगळे क, त, ब या तीन अक्षरांतून येतात, मधले स्वर बदलले की लिहिणारा, लिहायची जागा, लिहिलेलं असं होत जातं. हे एकदा कळलं की शब्द एकेकटे पाठ करावे लागत नाहीत, कुटुंबच्या कुटुंब हाताला लागतं. अमीर-उमराव आपण एका दमात म्हणतो, त्यात उमराव हे अमीरचंच अनेकवचन आहे हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं. पण नुसत्या मराठीच्या भरवशावर राहायचं नाही हेही सर लगेच दाखवतात. अरबीत तक्रार म्हणजे पुन्हा पुन्हा करणं, आणि गरीब म्हणजे परका, अनोळखी. मी नंतर खूप वेळ त्या गरीबवरच विचार करत बसले, परक्या गावात आलेला माणूस, आमच्या वॉर्डात तर तेच असतात सगळे.

अक्षरं अठ्ठावीस आहेत, उजवीकडून डावीकडे लिहायची, आणि शब्दात पुढे, मध्ये, शेवटी आली की रूप बदलतात, सहा अक्षरं अशी आहेत की पुढच्या अक्षराला हात देतच नाहीत. हे सगळं महिन्या-दीड महिन्यात बसतं, रोज अर्धा तास गिरवलं तर. छोटे स्वर अक्षराच्या वर-खाली खुणांनी दाखवतात, त्या खुणांना म्हणतात हरकत, आणि पेपरात, दुकानाच्या पाट्यांवर त्या खुणा लिहीतच नाहीत. सर म्हणायचे पेपरात हरकत नाही, तेव्हा शब्द आधी माहीत असला तरच वाचता येणार, म्हणून शब्द वाढवा.

खरी मेहनत आहे ती उच्चारांची आणि या क्लासचे पैसे तिथे वसूल होतात. हजरमधला ज, जाहीरमधला ज आणि जकातमधला ज, आपल्याला एकच वाटतात, अरबीत तिन्हीला वेगळी अक्षरं आहेत. (जकात नाके मुंबईतून २०१७ ला गेले, शब्द मात्र बसलाय घट्ट.) पण मला सगळ्यात जड गेलं ते ऐन नावाचं अक्षर, घशाच्या खालून येतं. अलम म्हणजे दुखणं, आणि तोच अलम ऐनने सुरू केला की झेंडा. सरांनी मला उभं केलं, स्वतःच्या गळ्यावर दोन बोटं ठेवून दाखवली, म्हणाले, "सिस्टर, पेशंटला घसा दाखव म्हणता ना, तिथून काढा." मी तीन रविवार तेच करत होते, लोकलमध्ये सुद्धा खिडकीकडे तोंड करून. चौथ्या रविवारी आला. सर नुसते "हां" म्हणाले आणि पुढच्या बाकाकडे वळले पण मला इतका आनंद झाला की मी मधल्या सुट्टीत घरी फोन करून सांगितलं.

मराठी माणसाला काही गोष्टी फुकट मिळतात त्या सांगून ठेवते, कारण अरबी अवघड म्हणून लोक लांबूनच नमस्कार करतात. पंचवीसला ते खम्सा व इश्रून म्हणतात, पाच आणि वीस, एकक आधी, आपल्यासारखंच. समोरचा पुरुष की बाई यावर क्रियापद बदलतं, तू लिहिलंस हे पुरुषाला कतबता, बाईला कतबती, ज्याला गेलास-गेलीस जन्मापासून येतं त्याला हे सांगावं लागत नाही. शाळेत संस्कृत केलं असेल तर द्विवचन पण ओळखीचं निघतं. आणि गल्फकडे जे आकडे लिहितात त्यांना अरब लोक हिंदी आकडेच म्हणतात, फक्त त्यात पाच आपल्या शून्यासारखा गोल आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका, हे नर्स लोकांनी सगळ्यात आधी शिकावं, नातेवाईक औषधांच्या वेळा चिठ्ठीवर लिहून देतात तेव्हा घोटाळा होऊ शकतो.

आता जे खटकलं ते. एक म्हणजे जागा. खाली रस्ता, हॉर्न, खिडक्या उघड्याच ठेवाव्या लागतात, आणि मागच्या तीन बाकांवर सरांचा आवाज पोचत नाही, ज्या भाषेत घशातल्या एवढ्याशा फरकाने अर्थ बदलतो तिथे हे चालणार नाही. बॅचमध्ये चौतीस जण होते, वीसच्या वर घ्यायलाच नको. दुसरं म्हणजे वर्गात अर्ध्या मुलामुलींना लहानपणापासून कुराण वाचायची सवय असल्यामुळे अक्षरं येतात, आणि आमच्यासारख्यांना अलिफपासून सुरुवात, त्यामुळे पहिले चार रविवार आम्ही धापा टाकत होतो आणि ते कंटाळत होते. अक्षरांचे दोन रविवार आमच्यासाठी वेगळे ठेवायला हवेत, मी सरांना सांगितलंय तसं. माझ्या बाजूला नागपाड्याची एक कॉलेजची मुलगी बसायची, ती झरझर वाचायची पण अर्थ कळत नव्हता आणि मला वाचता येत नव्हतं पण मराठीमुळे अर्थाचा अंदाज यायचा. ती वाचायची, मी म्हणायचे अगं इलाज, अगं वसूल, अगं हे आपलं मुक्काम, आणि ती "अरे दीदी, ये तो मालूम था" म्हणून हसायची. दोघींची मिळून एक विद्यार्थीण झाली असं म्हणा, पण शिकलो दोघी.

तिसरं सगळ्यात मोठं. इथे शिकवतात ती फुस्हा, म्हणजे पुस्तकातली, बातम्यांमधली प्रमाण अरबी. घरात तसं कोणी बोलत नाही, प्रत्येक देशाची बोली वेगळी. पुस्तकी मराठी शिकून मालवणात उतरावं तसं होतं. कुठे हे विचारायला पुस्तकात अयना, गल्फचे पेशंट म्हणतात वेन. कसे आहात याला पुस्तकात कैफा हालुका, कुवेतचे, इराकचे लोक विचारतात शलोनक, आणि बाईला शलोनिच, शब्दशः तुझा रंग कसा. पाण्याला पुस्तकात मा, शेवटी आवाज तोडून, आणि माझ्या आजीचं ते माय. मी तिसऱ्याच रविवारी माय बद्दल विचारलं तेव्हा सरांनी धडा बाजूला ठेवून वीस मिनिटं त्याच्यावर दिली, मस्कतमध्ये ते स्वतः पहिल्या आठवड्यात कसे गोंधळले तेही सांगितलं. म्हणजे माणसाला येतंय सगळं, पण आपण विचारलं तर. कोर्समध्ये बोलीचे चार तास ठरवून ठेवले तर या क्लासला तोड नाही. तोपर्यंत तुम्हाला कोणत्या देशाच्या लोकांशी बोलायचंय ते पहिल्याच दिवशी सांगा आणि दर रविवारी पाच शब्द बोलीतले मागून घ्या.

आणि चार महिन्यांत बोलायला येईल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना अरबी शिकवायला ८८ आठवडे, २२०० तास धरतं. आमचे झाले बत्तीस तास. बत्तीस तासांत मला पाट्या वाचता येतात, नाव, वय, कुठे दुखतं, किती दिवस, पाणी, लघवी, भूक, झोप विचारता येतं आणि उत्तरातला एखाद-दुसरा शब्द पकडता येतो. मला तेवढं खूप आहे.

सोसायटीत दोघातिघांनी विचारलं, अरबी कशाला, ती त्यांची भाषा. मला वाईट वाटलं. लेबनॉन, इजिप्तमधले ख्रिश्चन अरबीत प्रार्थना करतात. १८ डिसेंबर १९७३ ला युनोने तिला अधिकृत भाषा केली, म्हणून तोच दिवस अरबी भाषा दिन असतो, आमचा क्लास तेव्हाच संपत आलेला, सरांनी सगळ्यांना खजूर दिले. आणि मुंबईला तरी अरब परके नाहीत. सरांचे आजोबा बहारीनला होते तेव्हा पगार रुपयांत मिळायचा, १९५९ ला रिझर्व्ह बँकेने गल्फसाठी खास वेगळ्या नोटा काढल्या, कुवेतने १९६१ ला स्वतःचा दिनार आणला, बहारीनने १९६५ ला, ओमानमध्ये तर १९७० पर्यंत रुपया चालत होता. रत्नागिरी-रायगडच्या किती घरांत अजून चूल गल्फच्या पैशावर पेटते ते मी कोकणातल्या लोकांना सांगायला नको.

ज्यांना डिग्री किंवा डिप्लोमाच्या अंगाने जायचंय त्यांच्यासाठी मुंबई विद्यापीठात कलिन्याला अरबी विभाग आहे, तिथे चौकशी करा. नोकरी सांभाळून सुरुवात करायची असेल तर मी हाच क्लास सांगेन, नर्स, लॅबवाले, हॉटेलवाले, गल्फला निघालेली मुलं, सगळ्यांना. मी दुसऱ्या लेव्हलचे पैसे भरलेत.

आमच्या नर्सिंग स्टेशनवर आता वहीचं एक पान चिकटवलंय, वीस शब्द देवनागरीत, पुढे मराठी अर्थ, सरांनी तपासून दिलेत आणि दोन ठिकाणी ऐनखाली लाल पेनाने रेघ मारलीय. पहिलाच शब्द माय, पाणी. नाइटच्या मुली ग्लोव्हज घालता घालता वाचतात.

नवी बॅच जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी सुरू होतेय. पुढचे दोन बाक हवे असतील तर साडेनऊला पोचा.