नेरळ–माथेरान मिनी ट्रेन : मुंबईकरांच्या एका दिवसासाठी

मुंबईहून मोटारीशिवाय एका दिवसात जाऊन येण्याजोगी ठिकाणे अनेक आहेत. पण माथेरानचे वेगळेपण असे, की तिथे मोटार घेऊन येणाऱ्यालाही गावात तिचा उपयोग होत नाही. वाहनबंदी असल्यामुळे त्याला दस्तुरी नाक्यावर गाडी उभी करून पुढचे अडीच-तीन किलोमीटर पायी, घोड्यावर, ई-रिक्षाने किंवा जवळच्या अमन लॉज स्थानकातून माथेरानपर्यंत धावणाऱ्या मिनी ट्रेनच्या शटलनेच जावे लागते. म्हणजे लोकलने येणारा प्रवासी इथे कोणत्याही बाबतीत उणा ठरत नाही, आणि नेरळहून मिनी ट्रेन मिळाली तर मोटारवाल्याला न दिसणारा डोंगर त्याला दिसतो.

कर्जत किंवा खोपोलीची लोकल पकडून नेरळला उतरावे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून साधारण दोन तास लागतात. नेरळहून माथेरानला जाणाऱ्या गाड्या दिवसाला मोजक्याच, त्याही सकाळच्या, आणि छोट्या डब्यांत जागा मर्यादित. त्यामुळे शनिवार-रविवारी पहाटेची लोकल गाठून तिकीट खिडकीपाशी वेळेआधी उभे राहण्याची तयारी नसेल, तर या सहलीचा बेत आठवड्याच्या मधल्या दिवशी करावा हे उत्तम.

या गाडीचे खरे मोल तिच्या संथपणात आहे. उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या पुढाकाराने १९०४ मध्ये या मार्गाचे काम सुरू झाले आणि १९०७ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. रुळांमधले अंतर अवघे दोन फूट. काही ठिकाणी चढ इतका तीव्र, की वीस मीटर पुढे सरकताना गाडी एक मीटर वर चढते. एवढा चढ एका दमात घेणे अशक्य असल्यामुळे मार्ग घोड्याच्या नालेसारखी वळणे घेत डोंगराला लपेटत जातो आणि सुमारे वीस किलोमीटरच्या प्रवासाला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप ही स्थानके लागतात, वाटेत एकुलता एक चिमुकला बोगदाही येतो (तो इतका आखूड, की पूर्वीच्या लोकांनी त्याला ‘वन किस टनेल’ असे नाव दिले), आणि मग पॅनोरमा पॉइंटच्या बाजूला एकीकडे खिडकीला जवळजवळ खेटलेला कातळ तर दुसरीकडे खाली पसरलेले उल्हास नदीचे खोरे दिसू लागते. या एका टप्प्यासाठीसुद्धा मी हा प्रवास कोणालाही सुचवेन. मोठ्या काचांचा विस्टाडोम डबा मिळाला तर चांगलेच. पण दुसऱ्या वर्गाच्या उघड्या खिडकीतून येणारा वारा आणि रानाचा वास मला अधिक मोलाचा वाटतो.

वर पोहोचेपर्यंत निम्मा दिवस संपलेला असतो, म्हणून सगळे पॉइंट पाहण्याचा हट्ट धरू नये. बाजारातून निघून लाल मातीच्या सावलीतल्या वाटेने शार्लोट तलाव, त्याच्या काठचे पिसारनाथाचे देऊळ, तिथून एको पॉइंट आणि लुईझा पॉइंट एवढे पायी पाहिले तरी पुरे आहे. लुईझा पॉइंटवरून समोर उभा ठाकलेला प्रबळगड निवांत बसून पाहण्यासारखा आहे. पॅनोरमा पॉइंट गावाच्या दुसऱ्या टोकाला, आणि तिकडचे दृश्य बरेचसे गाडीतूनच पाहून झालेले असते.

परतीचा विचार मात्र आधीच करून ठेवावा. नेरळपर्यंत उतरणारी मिनी ट्रेन दुपारीच सुटते, त्यामुळे सूर्यास्त पाहायचा असेल तर ती सोडावी लागते. माझ्या मते जाताना मिनी ट्रेन, आणि येताना अमन लॉजपर्यंत शटल किंवा पायी व पुढे दस्तुरीहून नेरळपर्यंत शेअर टॅक्सी, ही विभागणी एका दिवसासाठी सर्वांत सोयीची आहे. घाटातला तेवढा तुकडा मोटारीचा होतो, हे खरे. तोही टाळायचा असेल आणि पायांत बळ असेल, तर गारबट पॉइंटवरून खाली उतरून भिवपुरी रोड स्थानक गाठता येते. पण ही वाट लांब आहे आणि माहीतगार सोबत असल्याशिवाय किंवा दिवस कलल्यावर तिच्या वाटेला जाऊ नये.

पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा भाग बंद ठेवला जातो आणि केवळ शटल धावते. ही खबरदारी योग्यच आहे, कारण २००५ आणि २०१९ च्या अतिवृष्टीत हा मार्ग जागोजागी वाहून गेला होता. दुसऱ्या खेपेला तर नेरळहून थेट गाडी पुन्हा सुरू व्हायला २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. पाऊस सरल्यावर सेवा पूर्ववत झाली की लगेचचे आठवडे सर्वांत सुंदर, कारण तेव्हा डोंगर अजून हिरवा असतो. ज्येष्ठांना आणि लहान मुलांना नेताना शटलचे परतीचे वेळापत्रक स्थानकावर उतरल्याबरोबर पाहून घ्यावे. सेवेकडून माझी एकच मागणी आहे : आणखी सजवलेल्या डब्यांऐवजी सकाळी नेरळहून एक जादा फेरी द्यावी, कारण आज या गाडीपासून लोकांना दूर ठेवते ती जागांची टंचाईच.