पार्किन्सन्समध्ये रात्रीचा ऑक्सिजन : पाच लिटरचं मशीन, नाशिक, सहा महिने

मशीन म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, खोलीतल्या हवेतून ऑक्सिजन वेगळा करून नळीने नाकात देणारं; पाच लिटर हा त्याचा मिनिटाचा कमाल प्रवाह. डॉक्टरांनी ठरवून दिलेला प्रवाह मिनिटाला एक लिटर, रोज रात्री आठ तास. झोपेत ८८च्या खाली घसरणारा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा (टक्के) आता ९२-९४ला टिकतो. एवढं काम मशीन चोख करतं. झोपेतलं ओरडणं, लाथा झाडणं, चारदा लघवीला उठणं मात्र जसंच्या तसं आहे. कूस वळता न येणं हे पहाटे लेव्होडोपाचा (पार्किन्सन्सच्या मुख्य औषधाचा) असर उतरल्यामुळे. त्यासाठी गोळ्यांच्या वेळा न्यूरॉलॉजिस्टकडूनच बदलून घ्याव्या लागतात.

म्हणून मशीन भाड्याने आणण्याआधी स्लीप स्टडी (झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन रात्रभर मोजणारी तपासणी) कराच. घसा मिटून श्वास अडकत असेल तर उपाय सीपॅपचा, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणाऱ्या मशीनचा. तिथे नुसता ऑक्सिजन लावला तर आकडा छान दिसतो, पण श्वास आणखी लांब वेळ थांबू शकतो. सोबत सीओपीडी (श्वासनलिका अरुंद करणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) असेल तर प्रवाह आपल्या मनाने वाढवू नका. कार्बन डायऑक्साइड साठतो, सकाळी डोकं जड होतं, माणूस गुंगीत राहतो.

ऑक्सिमीटरने बरंच फसवलं. हात थरथरत असताना आकडा नाचतो, बोटं गार असली तर नीट येतच नाही. गाढ झोपेत कंप थांबतो, तेव्हा कमी थरथरणाऱ्या हाताचं बोट उबदार करून लावायचं आणि मिनिटभर स्थिर राहिलेला आकडाच लिहून ठेवायचा.

सगळ्यात जास्त डोकेदुखी नळीची. लाथा-हातवाऱ्यांत ती नाकातून निघते, म्हणून दोन्ही गालांवर कागदी चिकटपट्टी लावायची. आवाज नको म्हणून मशीन दुसऱ्या खोलीत ठेवून लांब नळी ओढणं चूक. पाय घसटत चालणारा माणूस रात्री तीत अडकून पडतो. मशीन उशाकडे, भिंतीपासून फूटभर सोडून, आणि युरिनल पलंगाजवळ.

डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत नळीत पाणी साचून गुडगुड आवाज येतो. एक लिटरला ऑक्सिजन ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीची सहसा गरज नसते, डॉक्टरांना विचारून काढता येते. ठेवलीच तर डिस्टिल्ड पाणी रोज बदला. मशीनच्या बाहेरची हवा गाळणारी जाळी दर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवूनच बसवा. नाक कोरडं पडलं तर व्हॅसलीन नको, तेल नसलेलं, पाण्यात बनवलेलं (वॉटर-बेस्ड) जेल लावा.

वीज : ३५० वॅट धरले तर आठ तासांत २.८ युनिट, महिन्याला सुमारे ८४. इन्व्हर्टरच्या दीडशे अॅम्पिअर-तासांच्या एका बॅटरीवर पूर्ण रात्र निघत नाही. वीज गेली तर पुरेल असा ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर रेग्युलेटर बसवूनच ठेवा. देव्हारा त्याच खोलीत असेल तर समई आणि उदबत्ती दुसरीकडे हलवा.