पायथॉनचं इव्हॅल : ऊस बिलाच्या फॉर्म्युल्यांसाठी दोन हंगाम वापरल्यावर

पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत इव्हॅल म्हणून एक फंक्शन आहे, मजकुरात लिहिलेला हिशोब कोड म्हणून चालवून उत्तर देणारं. त्याचं नाव काढलं की बरेच जण वापरूच नको म्हणतात. मी दोन गळीत हंगाम ते रोज वापरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं काम ऊस बिलाचं. पंधरवड्याला बिलं निघतात आणि कपातीचे नियम हंगामाच्या मध्येच बदलतात, त्यामुळे फॉर्म्युला कोडमध्ये न ठेवता डेटाबेसमध्ये साध्या मजकुरात ठेवलाय, म्हणजे असा : वजन * दर - सोसायटी_वसुली - ठेव. पायथॉन 3 मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात, त्यामुळे अकाउंटचे साहेब स्वतः फॉर्म्युला वाचतात आणि चूक असली तर लगेच बोट ठेवतात. ही सोय मला फार मोलाची वाटते.

आता स्पीडचं. पहिल्या हंगामात प्रत्येक पावतीला तोच मजकूर इव्हॅलला देत होतो आणि बिलं निघायला इतका वेळ लागायचा की स्टाफ ताटकळत बसायचा. सगळ्यांना वाटलं डेटाबेस स्लो आहे, दोन दिवस इंडेक्स लावण्यातच गेले. शेवटी सीप्रोफाइल (कुठल्या फंक्शनमध्ये किती वेळ जातो ते दाखवणारं पायथॉनचं टूल) लावलं तेव्हा कळलं, इव्हॅलचा स्वतःचा वेळ सगळ्यात वर आणि त्याच्या खाली 'स्ट्रिंग:1' म्हणून जी ओळ दिसते, म्हणजे खरी वजाबाकी-गुणाकार, तिचा वेळ अगदी किरकोळ. कारण मजकूर दिला की पायथॉन दर वेळी तो नव्याने वाचतो, त्याच्या रचनेचं झाड बनवतो, बाइटकोड (इंटरप्रिटरला, म्हणजे पायथॉन चालवणाऱ्या प्रोग्रॅमला कळणाऱ्या सूचना) बनवतो आणि मग कुठे चालवतो, आणि झालं की बाइटकोड टाकून देतो. रेग्युलर एक्स्प्रेशनचं (मजकुरात नमुना शोधायचं) मॉड्यूल निदान पॅटर्न कॅशमध्ये, म्हणजे पुन्हा वापरायला जपून ठेवतं, इव्हॅल काहीच ठेवत नाही.

पायथॉनचंच कंपाइल फंक्शन वापरून फॉर्म्युला एकदाच तयार करून ठेवला आणि इव्हॅलला तोच तयार कोड दिला, तर माझ्या लॅपटॉपवर एका पावतीचा हिशोब दहा पटीहून जास्त फास्ट झाला. एवढ्यावर थांबलात तरी चालेल, पण अजून एक पायरी आहे आणि ती मला जास्त आवडली. इव्हॅलमध्ये प्रत्येक नाव डिक्शनरीत शोधलं जातं, आधी लोकल, मग ग्लोबल, मग बिल्टिन (पायथॉनची स्वतःची तयार नावं). त्याऐवजी फॉर्म्युल्याभोवती डेफ (फंक्शन लिहायचा शब्द) लावून एक्झेकने (इव्हॅलसारखंच, पण पूर्ण कोड चालवणारं फंक्शन) एकदाच फंक्शन बनवलं की वजन, दर ही आर्ग्युमेंट होतात, त्यांच्या जागा आधीच ठरतात, आणि पुढे ते हाताने लिहिलेल्या फंक्शनइतकंच पळतं. पायथॉन 3.11 पासून तर फरक अजून वाढला, कारण सारखा चालणारा कोड इंटरप्रिटर चालता चालता स्वतःच सुधारतो आणि ती सुधारणा त्या कोड ऑब्जेक्टमध्येच राहते. तुम्ही दर वेळी नवा ऑब्जेक्ट बनवलात तर तो तापायच्या आधीच जातो, फायदा शून्य.

सेफ्टीबद्दल स्पष्ट सांगतो, वेबवरून कोणीही टाइप केलेलं इव्हॅलला देऊ नका, बिल्टिन्स रिकामे करून दिले तरी लोक पळवाट काढतात. नुसती यादी किंवा आकडे वाचायचे असतील तर एएसटी मॉड्यूलचं लिटरल_इव्हॅल आहे, ते घ्या. आमच्याकडे फॉर्म्युला फक्त दोन माणसं लिहितात.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन स्टार. दीड स्टार कापला तो एररसाठी. फॉर्म्युला फुटला की ट्रेसबॅकमध्ये (एरर कुठे आला ते दाखवणाऱ्या मजकुरात) नुसतं 'स्ट्रिंग, लाइन 1' येतं आणि एवढ्या फॉर्म्युल्यांतला नक्की कुठला फुटला ते कळत नाही, ऐन बिलाच्या रात्री जीव जातो. कंपाइलच्या दुसऱ्या आर्ग्युमेंटला फाइलचं नाव देता येतं, तिथे आम्ही आता फॉर्म्युल्याचा नंबर टाकतो, एरर आला की तो नंबर थेट ट्रेसबॅकमध्ये दिसतो आणि साहेबांना फोन करून तेवढीच ओळ बघायला सांगतो.