टेबलाचा फोटो टाकला आणि बनावट ग्राफिक्स कार्ड घरात आलं

फोटोत काय काय दिसत होतं ते आधी सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. आजीच्या शिलाई मशीनचं टेबल, खाली लोखंडी पायडल, वर ठोकलेला प्लायवूड. प्लायवूडवर जुना चौकोनी मॉनिटर आणि त्याच्यामागून लोंबणारी निळ्या तोंडाची व्हीजीए केबल, म्हणजे जुन्या मॉनिटरची चित्र नेणारी केबल. शेजारी कॅबिनेट, उन्हाळ्यात तापतं म्हणून त्याची एक बाजू उघडी. आतला साधा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि कार्डाची रिकामी जागा स्पष्ट दिसत होती. मागे खिडकीला निळा पडदा.

सांगलीत घरून मी इंटिरियरची ड्रॉइंग करून देते. दिवसा टेबल माझं आणि रात्री नऊनंतर धाकट्या भावाचं, त्याच्या गेमसाठी. दोघांनी पैसे साठवून, एका कंपनीतून निघालेला चौथ्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरचा जुना पीसी घेतला होता. मे २०२३ मध्ये, लोक आपापल्या टेबलांचे फोटो टाकतात अशा एका ग्रुपवर मी आमचाही फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "आता फक्त ग्राफिक्स कार्ड राहिलंय. बजेट सहा हजार."

संध्याकाळी मेसेज आला. "ताई, सेटअप एक नंबर. आजीचं मशीन बघून भरून आलं." मग विचारलं, "मॉनिटर व्हीजीए आहे ना तुमचा? नवीन कार्डांना ते पोर्ट नसतं, तुमची अडचण होईल. माझ्याकडे जीटीएक्स १०५० टीआय आहे, चार जीबी, व्हीजीएवालं. तुम्हाला बरोबर बसेल."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! दोन दुकानदारांनी "मॉनिटर बदला" म्हणून परत पाठवलं होतं. इथे एक माणूस न सांगता माझी अडचण ओळखत होता. त्याने ती फोटोतल्या केबलवरून ओळखली होती. मला कार्डांतलं किती कळतं, हेही त्या एका फोटोवरून आणि त्याखालच्या ओळीवरून त्याला कळलं होतं.

फोनवर तो आमच्याकडचंच बोलायचा. "बघा की ताई, घाई न्हाई." चाकणला कंपनीत आहे म्हणाला. व्हिडिओ कॉलवर त्याने कार्ड लावलेला पीसी दाखवला, डिव्हाइस मॅनेजर (विंडोजमधली जोडलेल्या भागांची यादी) उघडून नाव दाखवलं, तिथे १०५० टीआयच लिहिलेलं होतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका कॉम्प्युटर दुकानाचं बिल पाठवलं. बिलावर कार्डाचा सीरियल नंबर नव्हता. तो असायला हवा आणि कार्डाच्या मागच्या स्टिकरवरच्या नंबराशी जुळायला हवा, हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

सौदा ५,८०० रुपयांना ठरला. त्याने आधी पैसे मागितले नाहीत, आणि याचंच मला सगळ्यात जास्त अप्रूप वाटलं. पार्सल स्वारगेटहून ट्रॅव्हल्सच्या गाडीत टाकलं, पावतीचा फोटो पाठवला आणि मग म्हणाला, आता पाठवा. यूपीआयवर पैसे पाठवताना खातेदाराचं नाव दिसतं, ते एका बाईचं होतं. विचारल्यावर म्हणाला, "वहिनींचं खातं आहे, माझं सॅलरीचं बंद पडलंय." मी पैसे पाठवले.

सकाळी साडेसहाला भावाने पार्सल आणलं. आत कार्ड, एक पेन ड्राइव्ह आणि एसएमपीएसच्या वायरला जोडायची छोटी जोडवायर. सोबत चिठ्ठी होती: पेन ड्राइव्हमधलाच ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाका, अपडेट करू नका. वायर कशाला, म्हणून फोन केला तर "ओव्हरक्लॉक मॉडेल आहे ताई, पॉवर जास्त लागते" असं उत्तर मिळालं. काही खऱ्या १०५० टीआय मॉडेलना वेगळी पॉवर लागते, हे खरं. पण बहुतेकांना लागत नाही. मदरबोर्डच्या स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर ती चालतात. म्हणून तर आमच्यासारख्या जुन्या ऑफिस-पीसीवाल्यांमध्ये हे कार्ड इतकं चालतं.

कार्ड लावलं आणि सुरू झालं. निळी केबल थेट बसली. भावाने गेम लावला, माझं स्केचअप, म्हणजे घराची थ्रीडी मॉडेल करायचं सॉफ्टवेअर, पूर्वीपेक्षा बरं फिरू लागलं. त्याच रात्री मी ग्रुपवर नवा फोटो टाकला: टेबल, पायडल, पडदा आणि उघड्या कॅबिनेटमध्ये बसलेलं कार्ड. खाली त्याचं कौतुक लिहिलं, मराठी माणूस, चोख व्यवहार, असंच काहीतरी. तीन जणांनी त्याचा नंबर मागितला. मी दिला.

पुढचे काही दिवस भाऊ कुरकुर करत होता. गेम दहा मिनिटं चालायचा, मग रंगांचे चौकोन यायचे आणि पीसी अडकायचा. मला वाटलं त्याच्याच गेमचं काहीतरी असेल. मग तासगावच्या एका बंगल्याचं मॉडेल करत होते. भिंती उभ्या केल्या तोवर ठीक होतं. फरशी, लाकूड, पडद्यांचे पोत चढवायला लागले आणि स्क्रीनवर हिरव्या-जांभळ्या पट्ट्या आल्या. दोन तासांचं काम गेलं. रात्री भावाने कंटाळून चिठ्ठी बाजूला ठेवली आणि कंपनीच्या साइटवरून नवा ड्रायव्हर टाकला. स्क्रीन काळी झाली ती तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी कॅबिनेट उचलून विश्रामबागेतल्या दुरुस्तीवाल्या काकांकडे नेलं. पेन ड्राइव्हमधला जुना ड्रायव्हर परत टाकून त्यांनी जीपीयू-झेड नावाचं छोटं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर चालवलं. खिडकी उघडली आणि कार्डाच्या नावाआधी चौकटी कंसात शब्द होता: फेक. एनव्हिडियाच्या चिन्हाच्या जागी उद्गारचिन्हाचा त्रिकोण. २०१८ पासून हे सॉफ्टवेअर अशी बनावट कार्डं ओळखतं, असं काका म्हणाले.

मला तरी पटेना. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाव बरोबर येतंय की! काका काही बोलले नाहीत. कार्ड उताणं ठेवून त्यांनी मागचे चार स्क्रू काढले, पंख्यासकट हीटसिंक (चिप थंड ठेवणारा धातूचा भाग) अलगद उचलला. चिपवर वाळून खडू झालेली राखाडी पेस्ट. कापडाला अल्कोहोल लावून ती पुसली आणि दिव्याखाली तिरपं धरून मला वाचायला लावलं. आरशासारख्या काळ्या पृष्ठभागावर बारीक अक्षरं होती: जीएफ११६. वरच्या ओळीतल्या आकड्यांची सुरुवात ११ ने. "हे साल," काका म्हणाले, "२०११. १०५० टीआय आली २०१६ ला. तिच्यावर जीपी१०७ असतं."

जीएफ११६ म्हणजे जीटीएक्स ५५० टीआयची चिप. तिच्यात १९२ कोअर, खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८. ठग जुनं कार्ड घेतात, त्याच्या बायॉसमध्ये, म्हणजे कार्डाची ओळख साठवणाऱ्या आतल्या प्रोग्रॅममध्ये, नवं नाव आणि चार जीबी असं लिहून ठेवतात, वर नवं स्टिकर चिकटवतात. आमच्या कार्डावर मेमरी होती एकच जीबी. ती भरेपर्यंत सगळं सुरळीत, भरली की चौकोन आणि पट्ट्या. कंपनीचा ड्रायव्हर त्या खोट्या नावावर विश्वास ठेवून नव्या चिपसारखं काम करायला जातो आणि कोसळतो, म्हणून ती चिठ्ठी. आणि जुनी चिप खाते शंभराहून जास्त वॅट, म्हणून ती जोडवायर.

मग काकांनी व्हीजीए पोर्टवर बोट ठेवलं. "हेच बघून ओळखायचं होतं." व्हीजीएला ॲनालॉग सिग्नल लागतो. १०५० टीआय ज्या जीटीएक्स १० मालिकेतली, तिच्या पास्कल नावाच्या चिपमधून तो निघतच नाही, कंपनीने तो या पिढीपासून काढून टाकला. मला ज्या पोर्टमुळे ते कार्ड घ्यावंसं वाटलं, त्या पोर्टवरूनच ते खोटं आहे हे कळत होतं. खरं कार्ड घेऊन एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा तीन-चारशे रुपयांचा कन्व्हर्टर लावला असता तर मॉनिटर बदलायचीही गरज नव्हती.

त्याला फोन लावला तर नंबर बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबरक्राइमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली. पलीकडच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, पण पैसे जाऊन एकोणीस दिवस झाले होते. या नंबरवर पहिल्या काही तासांत सांगितलं तर खात्यातली रक्कम तिथल्या तिथे रोखता येण्याची शक्यता असते. माझे पैसे त्या खात्यातून त्याच दिवशी निघून गेले होते.

पण खरं सांगू, माझ्या ५,८०० पेक्षा मला दुसरंच लागून राहिलंय. नंबर मागणाऱ्या तिघांपैकी मिरजेच्या पॉलिटेक्निकमधल्या एका मुलाने कार्ड घेतलं. मी फोन करेपर्यंत त्याचं पार्सल आलं होतं, पैसेही गेले होते. त्याच्या आईने भिशीतून काढून दिलेले. तो मला रागाचा एक शब्दही बोलला नाही, "ताई, तुमचं चांगलं चाललंय म्हणून घेतलं" एवढंच म्हणाला. दोघांच्या तक्रारींत खात्याचं तेच नाव आहे.

तुमच्याकडे असं कार्ड आलं असेल तर हात-पाय गाळू नका. ड्रायव्हर काढण्याआधी जीपीयू-झेडचा स्क्रीनशॉट घ्या, चॅट पुसू नका, पार्सलची पावती आणि ती चिठ्ठीसुद्धा जपून ठेवा. आणि घ्यायचं असेल तर व्हिडिओ कॉलवर, मध्ये न थांबवता, आधी कार्डाचं मागचं स्टिकर, मग तेच कार्ड पीसीत बसवताना, मग जीपीयू-झेड, असं एका दमात दाखवायला सांगा. डिव्हाइस मॅनेजर कुणी दाखवलं तर त्यावर जाऊ नका. ज्याला विकायचंय तो दहा मिनिटं देतो. फोटो टाकायला हरकत नाही, मीही टाकेन. पण काय घ्यायचंय आणि खिशात किती आहेत ते फोटोखाली लिहू नका. नंतर कुणी गोड बोलत आलं तर त्याने तुमच्या फोटोत काय काय पाहिलं असेल ते आधी स्वतः पाहा.

मागच्या आठवड्यात त्या मिरजेच्या मुलाने मला एक जाहिरात पाठवली. नाव वेगळं, गाव नाशिक, कार्ड तेच, व्हीजीएवालं. खाली "समाधानी ग्राहक" म्हणून फोटो जोडलेला. शिलाई मशीनचं टेबल, लोखंडी पायडल, निळा पडदा. मी ग्रुपवरून तो फोटो काढून टाकला आहे, पण त्याच्याकडे तो आहेच. कुणीही तो तुम्हाला दाखवला तर ते टेबल माझं आहे, सांगलीतलं, आणि त्या कॅबिनेटमधलं कार्ड खोटं आहे.