फ्राका: निशिगंधाचा कल्ला

आधीच सांगते, ज्यांना नुकतीच अंघोळ केल्यासारखा हलका फ्रेश-बिश वास आवडतो त्यांनी इथे वेळ घालवू नका, तुमच्यासाठी बाजारात चिक्कार माल पडलाय. हा आहे फ्राका, पॅरिसच्या रोबेर पिगेचा १९४८ सालचा परफ्यूम. फ्रेंचमधे फ्राका म्हणजे गोंगाट, काहीतरी धाडकन आदळल्याचा आवाज, आणि नाव ठेवणारा खोटं बोललेला नाही.

वास कसला, तर निशिगंध. म्हणजे आपली गुलछडी. आणि आपल्या लोकांची पंचाईत तिथेच सुरू होते, कारण आपल्या डोक्यात गुलछडी म्हणजे हार. लग्नाच्या गाडीला हार, सत्यनारायणाला हार आणि भिंतीवरच्या फोटोलाही हारच. पॅरिसच्या बाईला जो वास इव्हनिंग गाऊनचा वाटला तो मला दादरच्या फुलमार्केटमधल्या सकाळच्या चिखलाचा वाटतो, काय करणार. पहिल्यांदा घरी दोन फवारे मारले आणि पाचव्या मिनिटाला सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन विचारतायत, आज कुणाचं वर्षश्राद्ध आहे का गं?

मी गप्प. पण अर्ध्या तासाने त्याच म्हणाल्या, आता बरा येतोय हो, तुपाच्या डब्यात हार ठेवल्यासारखा.

मला तर वाटलं ह्यांनाच रिव्ह्यू लिहायला बसवावं. कारण निशिगंधाचा वास काढायची जुनी पद्धत जवळपास हीच होती. हे फूल तोडल्यावरही वास सोडत राहतं (म्हणून तर संध्याकाळी आणलेला हार रात्री जास्त घमघमतो), आणि वाफेवर घातलं की वासाची वाट लागते. मग फ्रान्समधे ग्रास ह्या अत्तरांच्या गावी काय करायचे, काचेवर चरबीचा थर द्यायचा, त्यावर फुलं मांडायची, फुलातला वास उतरला की ती काढून ताजी ठेवायची, आणि चरबी वासाने गच्च होईपर्यंत हेच चालू. आता एवढा उद्योग फारसं कुणी करत नाही, सॉल्व्हंटने काढतात, आणि गंमत म्हणजे ह्या अर्काचा बराच माल आपल्याकडून, तमिळनाडू-कर्नाटकातून जातो. फूल मूळचं मेक्सिकोचं, पण आता आपलंच झालंय, मिरचीसारखं.

तर फ्राका. पहिली दहा मिनिटं जरा दम धरा, कारण सुरुवातीला चक्क आयोडेक्सची आठवण होते. कल्पना नाही ही, निशिगंधात मिथाइल सॅलिसिलेट असतंच, तेच जे गंधपुऱ्याच्या तेलात असतं. ते ओसरलं की संत्र्याच्या फुलाचा गोडसर, थोडा बबलगमकडे झुकणारा वास, आणि मग लोणी. दुसरा शब्दच नाही. फुलाच्या जाड, मेणचट पाकळीवरून बोट फिरवल्यावर जे वाटतं ते नाकाला वाटतं. त्यात मोगऱ्यासारखं काहीतरी, गार्डेनिया म्हणजे आपला अनंत, आणि खाली चंदन, मस्क (कस्तुरीसारखा वास). हार कुठेतरी मागे राहतो. माझ्या अंगावर सकाळी आठचा फवारा संध्याकाळी सहापर्यंत, कापडावर दुसऱ्या दिवशीपर्यंत.

हा बनवला जर्मेन सेलिये ह्या बाईने, आणि तेव्हा परफ्यूमच्या लॅबमधे बायका जवळजवळ नव्हत्याच. तिची कामं बघितली तर हात आखडता घेणं तिला माहीतच नव्हतं असं वाटतं, ह्याच पिगेसाठी १९४४ ला बँडिट केला त्यात कडवट चामडं ओतलंय, १९४७ ला बाल्मँ ह्या फॅशनवाल्यांसाठी व्हाँ व्हेर केला तो कचकन तोडलेल्या हिरव्या देठासारखा. रोबेर पिगे स्वतः कपडेवाला, पुढे जगभर नाव झालेला क्रिस्तियाँ दिओर आधी त्याच्याकडे कामाला होता. त्याचं कपड्यांचं दुकान १९५१ ला बंद झालं, फ्राका अजून विकला जातोय.

माझ्याकडे आजकालचा ओ द पार्फम (फवाऱ्याचा, जरा पातळ) आहे आणि जुन्या एक्स्ट्रॅक्टची (सगळ्यात दाट प्रकार) एक एवढीशी बाटली. जुन्याच्या नादात एकदा फसले पण, ऑनलाइन एका सेलरकडून सीलबंद म्हणून घेतली ती उघडल्यावर नेलपॉलिश रिमूव्हर, आणि थांबून थांबून पाहिलं तरी पुढे काही आलंच नाही, पैसे गेले. तेव्हा जुनी बाटली घेताना सील नका बघू, ती कुठे ठेवली होती ते विचारा, उजेडात की खोक्यात. आणि सुरुवातीचा वास बिघडलेला असला तर लगेच रडू नका, वरच्या हलक्या नोट्स, म्हणजे पहिल्यांदा येणारे वास, आधी मरतात, पंधरावीस मिनिटांनी नीट सावरतं कधीकधी.

फरक आहे का? आहे. जुना जास्त काळोखा, खाली शेवाळ आणि अंगाच्या उबेसारखा मस्क. तेव्हा वापरायचे त्यातले काही मस्क आता बंद झालेत, आणि ॲलर्जीमुळे ओकमॉसवरही (तो शेवाळासारखा वास ह्याचाच) मर्यादा आल्यात. नवा उजळ, स्वच्छ, जरा जास्त गोड. पण "जुन्याची सर नाही" म्हणत नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही, नव्यातही पाठीचा कणा शाबूत आहे, आणि रोज वापरायला मला नवाच बरा वाटतो.

वापरायचा कसा, तर एक फवारा. एक म्हणजे एकच. गळ्याशी नको, स्वतःचंच डोकं दुखेल. मी परकराला मारते, चालताना खालून वर येतो. पैठणीवर थेट मारू नका, रेशमावर डाग पडतो. डिसेंबर-जानेवारीत सुंदर, मे महिन्यात डोंबिवली फास्टला लेडीज डब्यात मारून चढलात तर बायका तुम्हाला ठाण्याला उतरवतील आणि त्यांचं बरोबर असेल. एसी ऑफिसमधे पण नकोच. आणि ह्याच्यासोबत मोगऱ्याचा गजरा घालू नका, दोघं भांडतात. अबोली घाला, तिला वास नसतो.

ज्यांच्या गल्फवाल्या मावशीकडे ती जांभळी पॉयझनची बाटली होती (१९८५ चा दिओर, त्यातही निशिगंध आहे, वर आलुबुखार आणि मसाला) आणि तिने मिठी मारली की शाळेच्या युनिफॉर्मला दोन दिवस वास यायचा, त्यांना फ्राका लगेच कळेल, ही त्याच घराण्यातली आजी.

पूर्ण बाटली लगेच घेऊ नका, महाग आहे. आधी दोन-तीन मिलीचं डीकँट (मोठ्या बाटलीतून काढून दिलेली छोटी कुपी) मागवा, आठवडाभर अंगावर वापरा, कागदाच्या पट्टीवर हा कळत नाही. बाटली बाथरूममधे ठेवायची नाही, वाफ आणि उष्णता लागते. माझी खोक्यासकट कपाटात साड्यांच्या खाली असते, त्यामुळे आता अख्ख्या कपाटालाच वास येतो आणि नवऱ्याची तक्रार आहे की मीटिंगला शर्ट घातला की बाजूचा विचारतो, घरी पूजा होती का.