रेणूंचं मॉडेल किट, सात महिन्यांनंतर

कॉलेजची ऑरगॅनिक केमिस्ट्री मी नोकरी सांभाळून, घरी, एकटीने करतेय. रोज हाताशी लागतात जेमतेम चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, तीही रात्री, डोकं निम्मं मिटल्यावर. त्यामुळे प्लास्टिकच्या गोळ्या-काड्यांचं किट घ्यावं की नाही यावर महिनाभर घोळ घातला. वाचायलाच वेळ पुरत नाही, त्यात ही खेळणी कधी जोडायची? शेवटी घेतलं. आता नव्याची नवलाई ओसरलीये, म्हणून लिहायला हरकत नाही.

पहिले तीन आठवडे फुकट गेले. मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन, दिसेल तो रेणू जोडत सुटले. काळा कार्बन, पांढरा हायड्रोजन, लाल ऑक्सिजन, निळा नायट्रोजन. टेबल छान दिसायचं, शिकणं मात्र शून्य. पुस्तकातलं चित्र बघून तेच प्लास्टिकमध्ये उतरवायचं, यात डोक्याला काही कामच नव्हतं.

गाडी रुळावर आली ती टार्टारिक आम्लापाशी. दोन कायरल कार्बन (चार वेगवेगळे गट जोडलेले), म्हणजे दोनाचा वर्ग चार, म्हणून वहीत ठोकून दिलं: चार स्टिरिओआयसोमर (अणूंची जोडणी तीच, अवकाशातली मांडणी वेगळी). उत्तरात तीन. पुस्तकाने 'मेसो' (कायरल कार्बन असूनही आरशातल्या प्रतिमेशी तंतोतंत जुळणारा रेणू) म्हणून दोन ओळींत निकाल लावला होता, तो तीनदा वाचूनही गळी उतरेना. मग दोन मॉडेलं बनवली, एकात दोन्ही ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट) उजवीकडे, दुसऱ्यात दोन्ही डावीकडे. समोरासमोर धरली तर आरशातल्यासारखी. म्हटलं, बघा, वेगळीच आहेत! मग एक उचललं, वरचं टोक खाली केलं आणि दुसऱ्यावर ठेवलं. गोळीवर गोळी बसली. चार म्हणून मोजलेल्यांपैकी दोन एकच निघाले. वही तशीच उघडी होती, चुकीचं उत्तर पेनाने लिहिलेलं. तो चौकार माझ्या कायम लक्षात राहणार.

त्या रात्रीपासून एकच नियम ठेवला. आधी उत्तर कागदावर, तेही पेनाने, मग किटला हात. उत्तर बरोबर वाटत असेल तर डबा उघडायचाच नाही. यामुळे किटवर जाणारा वेळ रोज दहा मिनिटांच्या आत आला, आणि ती दहा मिनिटं नेमकी जिथे अडलंय तिथेच खर्च होऊ लागली.

आणखी एक युक्ती उशिरा सुचली. सगळा रेणू जोडायची गरजच नसते. कार्बॉक्सिलच्या गटासाठी एक हिरवी गोळी लावा, मिथाइलसाठी निळी. आर की एस, म्हणजे कायरल कार्बनची उजवी की डावी मांडणी, ठरवायला कार्बनभोवतीचे चार वेगळे रंग पुरतात. सर्वांत कमी प्राधान्याची (प्राधान्य अणुक्रमांकावरून ठरतं) गोळी आपल्यापासून लांब धरायची, उरलेल्या तिघी प्राधान्यक्रमाने घड्याळाच्या दिशेने (आर) फिरतात की उलट (एस) ते बघायचं, झालं.

सर्वांत जास्त पैसे वसूल झाले सायक्लोहेक्झेनच्या चेअरवर, म्हणजे सहा कार्बनच्या रिंगच्या खुर्चीसारख्या आकारावर. कागदावरच्या खुर्च्या मी दोन आठवडे वाकड्या काढत होते. त्याहून वाईट म्हणजे माझा ठाम समज होता, की रिंग फ्लिप झाली, म्हणजे एक खुर्ची उलटून दुसरी बनली, की वरचा गट खाली जातो. तसं होत नाही. ॲक्सियल (रिंगला उभा) गट इक्वेटोरियल (कडेने बाहेर जाणारा) होतो, पण वर होता तो वरच राहतो. वाक्य म्हणून हे मी वाचलेलं होतं, पटलं मात्र नव्हतं. एका गोळीला कागदाची चिकटपट्टी लावली, रिंगचं एक टोक खाली आणि दुसरं वर दाबलं. कट् असा आवाज होऊन खुर्ची उलटली, चिकटपट्टी बाजूला कलली, पण वरच्याच अंगाला. पाच-सहा वेळा कटकट केलं आणि प्रश्न मिटला.

आता तक्रारी. काड्या इतक्या घट्ट की हायड्रोजन उपटताना नखं दुखतात, आणि एक काडी तर तुटलीच. तुटली ती सायक्लोप्रोपेन बनवताना. कार्बनची भोकं १०९.५ अंशांवर आणि त्रिकोणात हवेत ६० अंश, मग प्लास्टिक वाकणार तरी किती! कंपनीवर चिडण्याआधी लक्षात आलं, की हाच तर धडा होता. खऱ्या सायक्लोप्रोपेनमध्येही सुमारे ११५ किलोज्यूल प्रति मोल इतका ताण असतो. तरीही लवचीक काड्या जास्तीच्या द्यायला हव्या होत्या.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर. किट काही बाबतीत चक्क खोटं बोलतं. इथेनची काडी सगळीकडे सारखीच सहज फिरते. प्रत्यक्षात एक्लिप्स्ड स्थिती (दोन्ही कार्बनांचे हायड्रोजन समोरासमोर) ओलांडायला साधारण १२ किलोज्यूल प्रति मोल लागतात, हे बोटांना कळत नाही. गोळ्यांमध्ये मोकळी जागा दिसते, त्यामुळे ॲक्सियल मिथाइलला शेजारच्या हायड्रोजनांची गर्दी का नको असते हेही दिसत नाही. बेन्झीनमध्ये तर तीन दुहेरी आणि तीन एकेरी काड्या लावाव्या लागतात, आणि मनात ठसतं की बाजू लांब-आखूड आहेत. खऱ्या बेन्झीनच्या सहाही बाजू १३९ पिकोमीटर, एकेरी बंधाच्या १५४ आणि दुहेरीच्या १३४ यांच्या मधल्या. रेझोनन्सच्या (बंधातले इलेक्ट्रॉन अनेक अणूंवर पसरण्याच्या) धड्याला किट डब्यात बंद ठेवलेलंच बरं.

अर्थात, मॉडेलांनी फसवणं नवं नाही. रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांनी १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये क्रोके या खेळाच्या चेंडूंपासून बनवलेले रेणू दाखवले, तेव्हा त्यांचा मिथेन सपाट होता. कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या (चार त्रिकोणी बाजूंच्या घनाकृतीच्या) कोपऱ्यांकडे जातात हे व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी मांडलं १८७४ मध्ये. हे वाचल्यावर माझ्या वाकड्या खुर्च्यांची लाज जरा कमी झाली.

एस-एन-टू अभिक्रियेत, म्हणजे कार्बनवरचा एक गट निघताना विरुद्ध बाजूने दुसरा जोडला जातो तिथे, किट अर्धंच कामाचं. कार्बनला भोकं चारच, त्यामुळे पाच गट धरलेला मधला टप्पा दाखवता येत नाही. एका बाजूची गोळी काढायची, बरोबर विरुद्ध बाजूने दुसरी आणायची आणि उरलेल्या तिघी वाऱ्याने उलटलेल्या छत्रीसारख्या पलटल्या अशी कल्पना करायची. इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते दाखवणारे बाण काढण्याचा सराव कागदावरच करावा लागतो, तिथे वही आणि पेनाला पर्याय मला तरी सापडलेला नाही. पीएच, समतोल, वायूंची गणितं, यात किटचा उपयोग शून्य. जनरल केमिस्ट्रीच करत असाल तर रेणूंचे आकार समजून घेण्यापुरतं एखाद्याकडून आठवडाभर मागून आणा, विकत घेऊ नका.

घेणारच असाल तर डब्यावरचा एकूण तुकड्यांचा आकडा बघू नका, कार्बन आणि हायड्रोजन वेगवेगळे मोजा. आरशातली जोडी करायला सगळं दुप्पट लागतं. माझ्याकडे कार्बन बारा आहेत, हायड्रोजन वीस. दोन सायक्लोहेक्झेनना चोवीस लागतात, म्हणजे दर वेळी चार भोकं उघडी.

गेल्या महिन्यापासून किट न उघडता सोडवायचा प्रयत्न चाललाय, कारण परीक्षेत ते नेऊ देतीलच असं नाही. साधं आर-एस आता बहुतेक वेळा डोळे मिटून जमतं. रिंगवर दोन गट असले की अजून गडबडते, विशेषतः सिस-ट्रान्स (दोन्ही गट एकाच बाजूला की विरुद्ध) विचारलं की. त्यामुळे डबा कपाटावर गेलाय खरा, पण सहा कार्बनची ती एक रिंग, चिकटपट्टीसकट, अजून वहीशेजारीच असते.